परिसरातल्या तक्रारी महापालिकेकडे कशा नोंदवाव्यात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खड्डा, बंद पडलेला दिवा, तुंबलेलं गटार, रात्री-अपरात्रीचा आवाज, कोपऱ्यावर साठत चाललेला राडारोडा. या गोष्टींबद्दल कुरकुर सगळेच करतात, नोंद फार थोडे करतात. पहिल्यांदाच तक्रार करणाऱ्यांसाठी आणि एकदा करून नाद सोडलेल्यांसाठी ही उत्तरं आहेत. शहर बदललं की नियम आणि नंबर बदलतात. पण तक्रार कुठून आत जाते, कुणाच्या टेबलावर पोचते आणि कुठे अडकते, हे जवळपास सगळीकडे सारखंच असतं.

इतक्या लोकांना रोज दिसतंय, म्हणजे कुणीतरी तक्रार केलीच असेल ना?

बहुतेक वेळा केलेली नसते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण तुटलं होतं. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी त्यात झाडाची फांदी उभी खोचली आणि तिला लाल फडकं बांधलं. पुढचे अठरा दिवस आम्ही सगळे त्या फडक्याला वळसा घालून जात राहिलो. गाड्या गेल्या, शाळेची मुलं गेली. एकोणिसाव्या दिवशी मी फोन केला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी शोधून सांगितलं, "या ठिकाणची एकही तक्रार नाही आमच्याकडे." झाकण दोन दिवसांत बसलं. इतके दिवस काम कुणी अडवून धरलं नव्हतं, कुणी सांगितलंच नव्हतं. फडकं बांधणाऱ्यानंही नाही. आणि मीही अठरा दिवस गप्पच होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

महापालिकेची माणसं प्रत्येक गल्लीतून रोज फिरत नाहीत. माणसं, गाड्या आणि पैसा कुठे लावायचा हे बऱ्याच अंशी आलेल्या नोंदींवरून ठरतं. ज्या भागातून नोंद येत नाही, तो भाग कागदावर ठीकठाक दिसतो.

आणीबाणीच्या नंबरवर फोन कधी करायचा आणि तक्रारीच्या नंबरवर कधी?

जिवाला आत्ता धोका असेल तर आणीबाणीचा नंबर. विजेची तार तुटून पडली असेल तर ती निर्जीव दिसत असली तरी किमान दहा मीटर लांब राहा, इतरांनाही लांब ठेवा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, ना लावायला ना विझवायला. बाहेर पडा आणि बाहेरून फोन करा. आग, कलती भिंत, वाहत्या रस्त्यावर आडवं पडलेलं झाड, हेही याच गटातलं.

बाकी सगळं तक्रारीच्या नंबरवर. हे दोन नंबर वेगळे झाले त्याला कारण आहे. अमेरिकेत तातडीच्या ९११ या नंबरवर बिनतातडीच्या फोनांची गर्दी व्हायला लागली, म्हणून बाल्टिमोरमध्ये १९९६ साली ३११ हा वेगळा नंबर सुरू झाला. पुढे शिकागोनं १९९९ मध्ये आणि न्यूयॉर्कनं २००३ मध्ये तोच नंबर शहराच्या सगळ्या खात्यांसाठी वापरायला घेतला. सोलमध्ये २००७ पासून १२० हा नंबर हेच काम करतो. तुमच्या शहराचा असा नंबर आजच फोनमध्ये साठवून ठेवा. ऐन वेळी शोधाशोध करताना चुकीचाच नंबर लागतो.

ही गोष्ट महापालिकेकडे येते की दुसऱ्या कुणाकडे, हे कसं ओळखायचं?

एकाच रस्त्यावर चार-पाच मालक असतात. वरचं डांबर एका खात्याचं, खालची पाण्याची लाइन दुसऱ्या खात्याची, केबल वीज कंपनीची, शेजारचं चेंबर टेलिफोनवाल्यांचं. मोठा हमरस्ता असेल तर तो मुळात महापालिकेचा नसण्याचीच शक्यता जास्त. यातून वाट काढायची एक साधी युक्ती म्हणजे खाली वाकून बघणं. चेंबरच्या झाकणावर पुष्कळदा खात्याचं नाव किंवा आद्याक्षरं ओतलेली असतात, दिव्याच्या खांबावर क्रमांक रंगवलेला असतो.

तरीही कळलं नाही तर थांबून राहू नका. अंदाजानं योग्य वाटेल त्या खात्याकडे पाठवा आणि शेवटी एक ओळ जोडा : "हे काम आपल्या अखत्यारीत येत नसल्यास कोणत्या कार्यालयाकडे येते ते कळवावे." टोलवाटोलवी झालीच, तर निदान ती कागदावर राहते. ब्रिटनमध्ये २००७ साली 'फिक्समायस्ट्रीट' ही सेवा सुरू झाली ती नेमकी या अडचणीसाठी. नकाशावर जागा दाखवली की तक्रार कोणत्या कौन्सिलकडे जायला हवी हे यंत्रणाच ठरवते, नागरिकाला डोकं खाजवावं लागत नाही. खरं तर प्रत्येक शहरानं हे ओझं स्वतःच्या खांद्यावर घ्यायला हवं.

तक्रारीत नेमकं काय लिहायचं?

ज्या माणसानं तुमची गल्ली कधी पाहिलेली नाही, तो दुरुस्तीची गाडी घेऊन निघाला आहे आणि त्याच्या हातात फक्त तुमच्या चार ओळी आहेत, असं समजून लिहा.

"आमच्या भागात दिव्यांची फार वाईट अवस्था आहे, प्रशासनाने त्वरित लक्ष द्यावे." या तक्रारीतून त्या माणसाला काय कळलं? कुठे जायचं ते नाही, सोबत काय न्यायचं तेही नाही. आता हे वाचा : "बागेच्या मागच्या फाटकासमोरचा खांब क्रमांक ४७. दिवा संध्याकाळी लागतो, काही मिनिटांत विझतो, थोड्या वेळानं पुन्हा लागतो. आठ दिवसांपासून रोज असंच." हे वाचून जाणकार इलेक्ट्रिशियनला खांबावर चढण्याआधीच बराचसा अंदाज येतो. जुने पिवळ्या उजेडाचे सोडियमचे दिवे आयुष्य संपत आलं की असेच वागतात. तापले की विझतात, थंड झाले की पुन्हा पेटतात. "बंद आहे" एवढंच लिहिलं आणि तपासायला आलेल्या माणसाला दिवा चालू दिसला, तर तो "दिवा चालू आहे" असा शेरा मारून तक्रार बंद करील, आणि त्यात त्याची चूक नसेल. एकच दिवा गेला की ओळीनं सगळे गेले, हेही लिहाच. एक गेला तर दोष बहुधा दिव्यात असतो, ओळ गेली तर केबलमध्ये किंवा ज्या पेटीतून वीज येते तिथे. दोन्ही कामांची माणसं वेगळी, सामान वेगळं.

पाण्याचंही तसंच. रस्त्यावर वाहणारं पाणी स्वच्छ आहे की गढूळ, त्याला वास येतो का, दिवसभर वाहतं की ठरावीक वेळीच, पाऊस नसतानाही वाहतं का? पिण्याच्या पाण्याची गळती, मैलापाणी आणि पावसाळी गटार ही तीन वेगळी कामं आहेत. तुमच्या एका वाक्यानं ती तक्रार योग्य टेबलावर जाते किंवा तीन टेबलं फिरते. खड्ड्याच्या बाबतीत आजूबाजूला पाणी मुरतंय का ते बघा. भेगांतून पाणी आत जातं, खालचा थर मऊ पडतो, वरून गाड्यांचा भार येतो आणि डांबर खचतं. खाली पाइप गळत असेल आणि नुसता खड्डा बुजवला, तर महिन्याभरात तो तिथेच परत येतो.

थोडक्यात जागा, दोष, कधीपासून आणि कुणाला धोका, एवढं हवंच. "अंध व्यक्ती रोज या पदपथावरून जाते" हे वाक्य प्राधान्य ठरवताना उपयोगी पडतं, पण खरं असेल तरच लिहा.

एका अर्जात सगळ्या अडचणी लिहिल्या तर चालतील का?

नको. एक अडचण, एक तक्रार. पाच अडचणींच्या अर्जातली सगळ्यात सोपी गोष्ट होते आणि अख्खा अर्ज निकाली निघतो.

फोटो कसे काढायचे?

दोन काढा. एक लांबून, ज्यात दुकानाची पाटी, चौक किंवा इमारत दिसेल, आणि एक जवळून. खोली कळावी म्हणून खड्ड्याशेजारी ओळखीची वस्तू ठेवा, पण भर रस्त्यात उभं राहून नको. माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर तक्रारीशी संबंधित नसतील तर टाळा. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. फोनच्या कॅमेऱ्यानं काढलेल्या मूळ फोटोत जागेची माहिती असू शकते, पण तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आला की ती बहुधा निघून जाते. म्हणून फोटोच्या भरवशावर पत्ता लिहायचं सोडू नका.

फोन, अ‍ॅप की कागदी अर्ज?

ज्या मार्गानं तक्रार क्रमांक मिळेल तो. अ‍ॅपवर तो आपोआप येतो. फोनवर मागून घ्यावा लागतो, न मागता फोन ठेवू नका. कागदी अर्ज असेल तर दोन प्रती न्या. एक आत जाईल, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ती पोचपावती. वॉर्ड ऑफिसात साहेबांना भेटून तोंडी सांगितलं, ते "बघतो" म्हणाले, एवढ्यानं नोंद होत नाही. साहेब भले असतील, मनापासून म्हणाले असतील, पण उद्या त्यांची बदली झाली की ते "बघतो" त्यांच्याबरोबर गेलं.

नाव न देता तक्रार करता येते का?

पुष्कळ ठिकाणी येते, आणि शेजारच्या दांडग्या माणसाबद्दल बोलायचं असेल तर ती सोय असायलाच हवी. पण निनावी तक्रारीला उलट प्रश्न विचारता येत नाही. "नक्की कोणती भिंत?" हे विचारायला कुणी नसलं की फाइल तिथेच थांबते. मधला मार्ग म्हणजे नाव कार्यालयाला द्या आणि ते गोपनीय ठेवावं असं लिहून मागा. नाव जाहीर संकेतस्थळावर दिसणार का, हे आधी विचारून घ्या.

हा पेच जुना आहे. जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, तोकुगावा योशिमुने यानं १७२१ मध्ये एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, सामान्य लोकांच्या तक्रारी आणि सूचनांसाठी पेटी ठेवली. चिठ्ठीवर नाव आणि पत्ता लिहिण्याची अट होती, निनावी चिठ्ठ्या बाद होत. त्या पेटीत एका वैद्यानं टाकलेल्या अर्जावरून पुढच्याच वर्षी गोरगरिबांसाठी मोफत रुग्णालय उभं राहिलं. तीनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट मला फार धीर देते. चिठ्ठी लिहिणारा माणूस दरबारातला मोठा सरदार नव्हता, साधा वैद्य होता.

शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करायची आहे. संबंध बिघडतील का?

बिघडू शकतात, म्हणून आधी एकदा दारावर जा. चिडून नाही, आणि रात्री बारा वाजता तर नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी जा आणि स्वतःचा त्रास सांगा. पुष्कळ लोकांना आपला आवाज भिंतीपलीकडे किती जातो याची खरोखर कल्पना नसते. धमकी किंवा हाणामारीची भीती असेल तर मात्र हा टप्पा सोडून द्या.

ऐकलं नाही तर तक्रार करण्यात काहीही कमीपणा नाही. लंडनमध्ये १३०१ ते १४३१ या काळातल्या शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या तक्रारींच्या नोंदी आजही जपलेल्या आहेत. महापौर आणि आल्डरमन, म्हणजे शहराच्या कारभारातले ज्येष्ठ सदस्य, गवंडी-सुतारांना सोबत घेऊन प्रत्यक्ष जागेवर जात. १३१४ च्या एका तक्रारीत एका बाईनं आपल्या संडासाचा लाकडी पाइप सार्वजनिक गटाराला जोडला होता. गटार तुंबे आणि ते ज्या घरांखालून जाई त्यांना दुर्गंधीचा त्रास होई. चाळीस दिवसांत पाइप काढून टाका, असा हुकूम झाला. जागेवर जाऊन पाहणी, जाणकार माणूस सोबत आणि निकालात ठरलेली मुदत, या तीनही गोष्टी आजच्या तक्रारदारानंही मागाव्यात.

वास किंवा आवाज येतो-जातो. अधिकारी येईपर्यंत काहीच उरत नाही. मग?

एक वही ठेवा. तारीख, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, वारा कोणत्या दिशेनं, घरात खिडकी बंद करूनही जाणवतं का. दोन आठवड्यांची अशी वही समोर ठेवली की पाहणीला कधी यायचं हे अधिकाऱ्याला ठरवता येतं.

न्यूयॉर्कमध्ये २००५ पासून अधूनमधून शहरभर एक गोडसर वास पसरायचा, मेपलच्या पाकासारखा. लोक घाबरून ३११ वर फोन करायचे. वास काही तासांत विरून जायचा आणि हाती काही लागायचं नाही. पण प्रत्येक फोनची वेळ आणि ठिकाण नोंदलेलं होतं. अखेर त्या नोंदी नकाशावर मांडून त्या-त्या वेळच्या वाऱ्याशी ताडून पाहिल्या, तेव्हा माग नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या एका कारखान्यापर्यंत गेला. तिथे मेथीच्या दाण्यांवर प्रक्रिया होत होती. २००९ मध्ये शहरानं हे जाहीर केलं. वास निरुपद्रवी निघाला, पण उद्या तो विषारी वायूचा असता तर शोधायची रीत हीच. फोन करणाऱ्या एकाही माणसाला उत्तर माहीत नव्हतं. प्रत्येकानं फक्त "मला आत्ता, इथे वास येतोय" एवढं सांगितलं होतं.

सगळ्यांनी मिळून एकच तक्रार करावी की प्रत्येकानं वेगळी? आणि रोज करावी का?

वेगवेगळ्या घरांतून आलेल्या तक्रारी जास्त वजनदार ठरतात, कारण त्रास किती पसरला आहे ते त्यातून कळतं. मात्र सगळ्यांनी एकच मजकूर चिकटवू नका. प्रत्येकानं आपल्या दारातून काय दिसतं ते लिहावं. मोठ्या कामासाठी, म्हणजे अख्खा रस्ता किंवा नवी लाइन हवी असेल, तर सह्यांचा एकत्र अर्ज बरा.

रोज तीच तक्रार करू नका. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाकडे २०१५ मध्ये विमानांच्या आवाजाच्या ८,७६० तक्रारी आल्या, त्यांतल्या ६,८५२ एकाच घरातून होत्या. त्या घरातल्या लोकांचा त्रास खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण एवढ्या मोठ्या आकड्यात बाकीच्यांचा आवाज बुडून जातो आणि मग ज्याला टाळायचंच आहे त्याला कारण सापडतं. नवी माहिती असेल तरच नवी नोंद करा, नाहीतर जुन्या क्रमांकावर पाठपुरावा करा.

"तक्रार निकाली काढण्यात आली" असा मेसेज आला, पण काम झालेलं नाही. काय करू?

सगळ्यात जास्त लोक इथेच हार मानतात, आणि नेमकं इथेच चिकाटी कामाला येते. आधी "निकाली" म्हणजे काय ते बघा. काम झालं, दुसऱ्या खात्याकडे पाठवलं, जागा सापडली नाही, निधी नाही, की पाहणीच्या वेळी दोष दिसला नाही? पुष्कळ यंत्रणांत या सगळ्याला एकच शिक्का असतो. कारण लेखी मागा.

मग त्याच दिवशीचा ताजा फोटो काढा, पहिल्या फोटोच्याच कोनातून. तक्रार पुन्हा उघडता येत असेल तर उघडा, नसेल तर नवी करा आणि पहिल्याच ओळीत जुना क्रमांक आणि ती बंद झाल्याची तारीख लिहा. "खोटं बोलून बंद केली" असं लिहायचा मोह होतो. तो आवरा. "१२ तारखेला बंद झाल्याचे कळले, १३ तारखेचा फोटो सोबत आहे, काम झालेले दिसत नाही," एवढंच लिहा. या वाक्याशी कुणाला वाद घालता येत नाही.

किती दिवस थांबायचं आणि नंतर कुणाकडे जायचं?

प्रत्येक कामाची मुदत शहरानं जाहीर केलेली असेल तर ती पाळली जाते का एवढंच बघायचं. जाहीर नसेल तर पहिल्या संभाषणातच विचारा, "साधारण कधीपर्यंत?" आणि उत्तर तारखेसकट लिहून ठेवा. मुदत गेली की त्याच अधिकाऱ्याला एक स्मरणपत्र, मग त्याच्या वरिष्ठाला, मग लोकप्रतिनिधीला. प्रत्येक वेळी आधीचे सगळे क्रमांक वर लिहायचे. पायऱ्या गाळून थेट सर्वोच्च साहेबांना लिहिलं तर कागद फिरून त्याच टेबलावर येतो, आठवडे मात्र वाया जातात.

त्याच्याही वर अनेक देशांत लोकपालासारखी स्वतंत्र यंत्रणा असते. स्वीडननं १८०९ मध्ये संसदेमार्फत असा अधिकारी नेमण्याची तरतूद केली. तो खड्डा बुजवत नाही, पण कार्यालयानं आपलं काम नीट केलं का हे तपासतो. माहिती अधिकाराचा कायदा जिथे आहे, तिथे "माझ्या तक्रारीवर आजवर काय कार्यवाही झाली, कोणत्या तारखेला" हा एक प्रश्न फार उपयोगी पडतो.

समाजमाध्यमांवर टाकलं तर लवकर होतं म्हणतात.

कधीकधी होतं. पण आधी रीतसर नोंद करा आणि पोस्टमध्ये तक्रार क्रमांक टाका. कर्मचाऱ्याचं नाव किंवा फोटो टाकू नका. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्याला चव्हाट्यावर आणून तुमचं काम पुढे सरकत नाही.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, लिहिता येत नाही, त्यांचं काय?

त्यांची तक्रार तुम्ही करा. विचारून, त्यांच्याच शब्दांत. बॉस्टनमध्ये गाडीतल्या फोनला बसणारे धक्के मोजून खड्डे शोधणारं 'स्ट्रीट बम्प' नावाचं अ‍ॅप काढलं होतं. त्यात लगेच दिसलेला धोका असा, की ज्या वस्त्यांत स्मार्टफोन आणि गाड्या जास्त, तिथलेच खड्डे जास्त दिसणार. तक्रारींच्या प्रत्येक यंत्रणेत हा कल थोडाफार असतोच. तुमच्या इमारतीतल्या आजी, सफाई करणारे दादा, कोपऱ्यावर बसणारी विक्रेती, यांना रस्त्याची अवस्था तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते, कारण त्यांचा दिवस तिथेच जातो. आठवड्यातून एकदा विचारलं तरी पुरे.

फोनवर बोलताना राग येतो. तो आवरायचा कसा?

फोन उचलणारी व्यक्ती नोंद करणारी असते. खड्डा तिनं पाडलेला नसतो आणि बुजवणंही तिच्या हातात नसतं. तिचं नाव विचारा, नावानं बोला, सांगायचं ते आधी कागदावर लिहून घ्या.

काम झालं. आता काही उरलं का?

जागेवर जाऊन बघा. दिवा असेल तर अंधार पडल्यावर, गटार असेल तर एक जोरदार पाऊस झाल्यावर. नीट झालं असेल तर त्याच क्रमांकावर तसं कळवा, दोन ओळी पुरतात. त्या खात्याकडे दिवसभर फक्त तक्रारीच येतात, आणि ज्या माणसानं वाकून झाकण बसवलं त्याच्यापर्यंत चांगला शब्द क्वचितच पोचतो. क्रमांक पुसू नका. तीच अडचण परत आली, तर जुना क्रमांक हाच पुरावा की दोष मुळात आहे आणि वरवरच्या मलमपट्टीनं भागणार नाही.

आमच्या चेंबरचा क्रमांक माझ्या वहीत अजून आहे. परवापासून त्याच्या शेजारच्या झाकणावरून गाडी गेली की खडखड ऐकू येते. या वेळी फडकं कुणी बांधायच्या आत, आज सकाळी, मी त्याची नोंद केली.